डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेत देव का नाही?

१

दूरचित्रवाणीवरील गुन्हेशोधकथा हा प्रकार मराठी समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही. बाबूराव अर्नाळकरांना जसे दीर्घकाळ वाङ्मयाच्या वेशीबाहेर बसवले गेले, तसेच त्यांच्या पडद्यावरील वारसदारांचेही झाले. तरीही या प्रकाराबद्दल एक मत निःशंकपणे मांडले जाते आणि ते तपासून पाहण्याची तसदी सहसा घेतली जात नाही. ते असे : 'सी.आय.डी.'सारख्या मालिकांनी, त्यांच्या कलात्मक मर्यादा काहीही असोत, घराघरांत विवेकवाद पोचवला. कारण त्यांत भूत शेवटी माणूसच निघते. याला जोडूनच दुसरे मत येते : कोणाच्याही श्रद्धेला धक्का न लावता या मालिकांनी हे साधले, म्हणजेच श्रद्धा आणि विज्ञान यांचा 'समन्वय' घडवून आणला. यांपैकी पहिले मत अर्धसत्य आहे आणि दुसरे सर्वथा निराधार.

सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ही मालिका २०१८ पर्यंत चालली, तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा अवतरली. भाषा हिंदी असली तरी तिचा पिंड मुंबईचा, आणि बराचसा मराठी आहे. तिचे कर्ते बी. पी. सिंग हे मुंबई दूरदर्शनच्या मुशीतले. शिवाजी साटम यांना घेऊन त्यांनी आधी 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली होती. एसीपी प्रद्युम्न आणि डॉ. साळुंखे ही नावे मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या मराठी घरांत आप्तांसारखी उच्चारली जातात. तेव्हा या मालिकेचा विचार मराठी सांस्कृतिक अनुभवविश्वाचा भाग म्हणूनच करावा लागेल.

२

'सी.आय.डी.'तील भूतकथांचा रूपबंध ठरीव आहे. ओसाड वाडा, आपोआप उघडणारे दार, पांढऱ्या वस्त्रातली स्त्री. भागाचा बहुतांश वेळ प्रेक्षकाला भयाचा यथेच्छ पुरवठा. आणि अखेरच्या काही मिनिटांत मिळकतीचा वाटा हडपू पाहणारा एखादा पुतण्या. भयाचा प्रत्यय तासभराचा, निराकरणाचा पाच मिनिटांचा. या प्रमाणाकडे दुर्लक्ष करून केवळ निष्कर्षाकडे बोट दाखवणे म्हणजे पाप केल्यावर दानपेटीत टाकलेल्या नाण्यावरून माणसाचे चारित्र्य ठरवणे होय. याच निर्मितिसंस्थेची 'आहट' ही मालिका १९९५ पासून त्याच वाहिनीवर भुतांना भूत म्हणूनच खपवत होती, हेही विसरून चालणार नाही. एका दुकानात दोन्ही माल मिळत असतील तर दुकानदाराला त्यांपैकी एका मालाचा प्रचारक म्हणता येत नाही.

परंतु अधिक महत्त्वाचा प्रश्न निराकरणाच्या स्वरूपाचा आहे. डॉ. साळुंखे यांची प्रयोगशाळा आठवून पाहावी. रंगीत द्रवांनी भरलेल्या परीक्षानळ्या, एका यंत्राची टिकटिक, आणि मग निर्णय. नमुना कसा घेतला, चाचणीत चूक होण्याची शक्यता किती, दुसऱ्या कोणी ती पुन्हा केली का, यांपैकी काहीही प्रेक्षकासमोर येत नाही. साळुंखे सांगतात म्हणून ते खरे. भारतीय तर्कशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमानही नव्हे. हे निखळ शब्दप्रमाण आहे. विज्ञानाचा पोशाख चढवलेला हा कौल आहे. देवळातल्या गुरवाला विचारावे तसे प्रद्युम्न साळुंखेंना विचारतात आणि पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे, एवढेच कळते. ज्या प्रेक्षकाने वीस वर्षे असा कौल घेतला, त्याला संशय घेण्याची नव्हे, अधिकारी व्यक्तीवर विश्वास ठेवण्याचीच सवय लागली. म्हणून पहिल्या मताला अर्धसत्य म्हणायचे.

दुसरे मत तर तेवढेही नाही. समन्वयासाठी दोन पक्ष लागतात. 'सी.आय.डी.'त श्रद्धा हा पक्षच नाही. या पथकात कोणी कशावर श्रद्धा ठेवते का, याचा पत्ता प्रेक्षकाला लागत नाही. मालिकेला अंतःसंघर्ष रंगवता येत नव्हता असेही नाही. गुन्हेगार झालेल्या स्वतःच्या मुलावर प्रद्युम्न गोळी झाडतात, तिथे कर्तव्य आणि वात्सल्य यांची झुंज तिने दाखवली आहे. श्रद्धेला मात्र तिने एकच जागा दिली : इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स. दिनेश फडणीस यांनी लोकप्रिय केलेला हा अधिकारी भुताच्या नुसत्या उल्लेखाने थरथरतो. म्हणजे श्रद्धा भयात रूपांतरित झाली, भय विनोदात, आणि हा विनोद पथकातल्या ख्रिस्ती नावाच्या माणसाकडे सोपवला गेला. याला समन्वय म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

मराठी वाहिन्यांनी काही वेगळे केले, असेही नाही. झी मराठीवरील 'रात्रीस खेळ चाले' (२०१६) या मालिकेत नीलिमा ही विज्ञाननिष्ठ सून होती आणि तिच्या प्रश्नांना काही काळ कथानकात स्थान होते. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता सरळ भूत होऊनच वावरू लागले. शंका घेणाऱ्या सुनेला बाजारमूल्य उरले नव्हते; मेलेल्यांना होते.

३

या पार्श्वभूमीवर 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन मालिकेतील डेना स्कलीची व्यक्तिरेखा पाहावी. १९९३ साली अवतरलेली ही तपास-अधिकारी वैद्यकशास्त्राची पदवीधर आहे, शवविच्छेदन स्वतः करते, आणि गळ्यात आईने दिलेला सोन्याचा क्रूस घालते. सहकारी मल्डर याला परग्रहवासीयांपासून पिशाचांपर्यंत सर्व काही शक्य वाटते. स्कली पुरावा मागते. मात्र 'रेव्हलेशन्स' (१९९५) या भागात हातांतून रक्त पाझरणारा मुलगा समोर येतो तेव्हा भूमिका उलटतात. तिथे मल्डर नास्तिकाच्या तुच्छतेने बोलतो आणि स्कली विश्वास ठेवू पाहते. 'बियाँड द सी' (१९९४) या भागात तिच्या मृत वडिलांचा निरोप सांगू शकतो असा दावा करणारा कैदी आहे. तो निरोप ऐकण्याची तिला तीव्र इच्छा आहे, आणि अखेरीस ती तो ऐकायला जात नाही.

इथे समन्वय नाही. दोन निष्ठांचा ताण आहे आणि त्याची किंमत एकाच व्यक्तीला मोजावी लागते. स्कलीचा संशय ही तिची कामाची शिस्त आहे, विश्वाविषयीचे मत नव्हे. तिची श्रद्धा हा तिचा संबंध आहे : वडिलांशी, बालपणाशी, मृत्यूशी. शिस्त संबंधाचे काम करू शकत नाही आणि संबंध शिस्तीची जागा घेऊ शकत नाही, हे तिला कळते; म्हणून ती व्यक्तिरेखा आहे, भूमिकेचे लेबल नव्हे.

या मालिकेवरील मोठा आक्षेप रिचर्ड डॉकिन्स यांनी १९९६ च्या डिम्बल्बी व्याख्यानात घेतला. त्याचा आशय असा : दर आठवड्याला दोन स्पष्टीकरणे मांडली जातात, एक बुद्धिवादी आणि एक अतिमानवी, आणि दर आठवड्याला अतिमानवी स्पष्टीकरणच खरे ठरते, एखाद्या गुन्हेमालिकेत दर वेळी एक गोरा आणि एक काळा संशयित असावा आणि दर वेळी काळाच गुन्हेगार निघावा, तसे हे आहे. आक्षेप रास्त आहे. स्कलीच्या विरोधात फासे आधीच भरलेले असतात, हे नाकारता येणार नाही. पण डॉकिन्स निकालांची बेरीज करतात आणि थांबतात. याच मापाने 'सी.आय.डी.' ही आदर्श वैज्ञानिक मालिका ठरेल, कारण तिचे निकाल बहुधा 'बरोबर' असतात! खोट्या निकालाच्या कथेतही संशयाची प्रक्रिया खरी असू शकते, आणि खऱ्या निकालाच्या कथेत प्रक्रियेचा मागमूसही नसू शकतो. साहित्यसमीक्षेला हा भेद नवा नाही. कथेची नैतिकता तिच्या तात्पर्यात शोधायची नसते, हे इसापनीतीच्या पलीकडे गेलेल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक असते.

४

यावर एक उत्तर ठरलेले आहे : स्कली ही पाश्चात्त्य, कॅथलिक परंपरेतली, आपल्याकडे असा द्वंद्वानुभवच नाही, आपल्याकडे सगळे एकमेकांत सुखाने नांदते. यानाचे प्रक्षेपण करण्यापूर्वी आपले शास्त्रज्ञ तिरुपतीला जातात, हे मग उदाहरण म्हणून पुढे केले जाते. वस्तुतः तिथे नांदणे आहे ते दोन खोल्यांतले. मधले दार बंद आहे. एका खोलीतला प्रश्न दुसऱ्या खोलीत कधी जात नाही. या बंद दाराला आपण सहिष्णुता म्हणत आलो.

मराठी परंपरा मात्र या दाराची नाही. रा. गो. भांडारकर प्रार्थनासमाजात उपासना चालवत आणि वैष्णव पंथांच्या इतिहासाची चिकित्सा त्याच कठोरपणे करत (त्यांचा ग्रंथ १९१३ चा). जोतीराव फुल्यांच्या १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त निर्मीक आहे, पण त्याचा दलाल नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनात देवाचे नाव होते आणि नवसाची हजेरीही तिथेच घेतली जाई. नरेंद्र दाभोलकर यांनी देवाधर्माला विरोध हे आपल्या समितीचे धोरण कधीच मानले नाही. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला त्यांचा विरोध होता. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त तर श्रद्धांतराची सारी उलथापालथ स्वयंपाकघरापर्यंत आली आहे. एवढा ऐवज घरात असताना दूरचित्रवाणीचा लेखक 'आपल्याकडे असे नसते' म्हणतो, तेव्हा ते अज्ञान असते किंवा आळस.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग पाहावा. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील वेलंकणी मातेच्या चर्चजवळील क्रुसाच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविक जमले, तीर्थ म्हणून पाणी गोळा होऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी एका वाहिनीच्या पथकासह जागेची पाहणी केली आणि तुंबलेल्या सांडपाण्याचा ओलावा भिंतीतून केशाकर्षणाने वर चढतो आहे, असे दाखवले. १९९५ च्या सप्टेंबरात गणपतीच्या मूर्ती दूध 'प्यायल्या' तेव्हाही शास्त्रज्ञांनी पृष्ठताण आणि केशाकर्षण हीच कारणे दिली होती. एडामरुकू यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याबद्दल भारतीय दंडसंहितेच्या २९५-अ कलमाखाली तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले. विशेष हे की, धर्मप्रांताने तो चमत्कार असल्याची घोषणा केलीच नव्हती. चमत्काराच्या दाव्याकडे संशयाने पाहणे ही त्या धर्मसंस्थेची जुनी रीत आहे : संतपदाच्या दाव्याविरुद्ध बाजू मांडणारा 'सैतानाचा वकील' हे पद १५८७ पासून १९८३ पर्यंत तिथे होते, लूर्दच्या रोगमुक्तीच्या दाव्यांची वैद्यकीय छाननी १८८३ पासून होते, आणि मे २०२४ च्या नव्या नियमांनी तर एखादी घटना 'अलौकिक' असल्याचा निर्वाळा देण्याचेच सामान्यतः टाळले आहे.

म्हणजे इर्ल्यात भांडण श्रद्धा आणि विज्ञान यांचे नव्हतेच. श्रद्धेच्या आतून संशय घेणारे माणूस त्या जागी नव्हते. बाहेरून आलेला बुद्धिवादी आणि आत जमलेला समुदाय, एवढेच दोन पक्ष उरले. आणि असे दोनच पक्ष उरतात तेव्हा निकाल पोलीस ठाण्यात लागतो.

हा जो अनुपस्थित तिसरा, तो निर्माण करणे हे कथेचे काम होते. त्यासाठी स्कलीची आयात करावी लागत नाही. मरोळच्या किंवा गोराईच्या ईस्ट इंडियन घरात वाढलेली, घरी आपली मराठी बोली बोलणारी, रविवारी मिस्सेला जाणारी पोलीस निरीक्षक कल्पावी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दक्षता अधिकाऱ्याचे पद निर्माण केले असून ते निरीक्षकाच्या दर्जाखालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. तेव्हा तिला हे काम कायद्यानेच मिळेल. गटार कुठे तुंबले हे तिला पंचनाम्यात लिहावे लागेल. पंचांत तिची मावशी असेल. आणि त्याच संध्याकाळी त्याच क्रुसासमोर मेणबत्ती लावायची की नाही, हेही तिला ठरवावे लागेल. ती लावेल तर का, आणि नाही लावली तर तिने काय गमावले, या दोन प्रश्नांत कोणत्याही ओसाड वाड्याहून अधिक नाट्य आहे. तिच्या जागी ठाण्यातल्या टेबलावर गणपती ठेवणारा, घाटकोपरच्या एखाद्या बुवाच्या दरबारात स्वतःची आई जाते हे ठाऊक असलेला हिंदू अधिकारी ठेवला तरी बिघडत नाही. ज्या भाषेने 'क्रिस्तपुराण' सामावून घेतले आणि २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना दिले, तिला पहिली व्यक्तिरेखाही परकी वाटण्याचे कारण नाही.

५

प्रेक्षकांना असे काही नको असते, हा वाहिन्यांचा बचाव समीक्षकांनी उचलण्याची गरज नाही. मुद्दा अभिरुचीपुरता मर्यादितही नाही. श्रद्धावान माणूस संशय घेऊ शकतो आणि संशय घेणारा श्रद्धा बाळगू शकतो, ही शक्यताच ज्या समाजाच्या कथांतून नाहीशी होते, त्या समाजात प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस आपोआप परका ठरतो. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. मालिकांमुळे तो झाला असे म्हणणे हास्यास्पद होईल. पण धर्माला विरोध नाही, असे जो माणूस आयुष्यभर सांगत राहिला, त्याला धर्मद्रोही मानणे इतक्यांना इतके सोपे का गेले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या कथांची झडती घ्यावीच लागेल.

त्या झडतीत साळुंखेंच्या प्रयोगशाळेत देव सापडत नाही, आणि फ्रेडरिक्सच्या भीतीतही तो नसतो. तो तिथे असावा, हा आग्रह भाविकांपेक्षा विवेकवाद्यांनी धरायला हवा. कारण ज्याची चौकशी करायची तो तपासकाच्या स्वतःच्या घरातलाच असेल, तरच ती चौकशी चौकशी राहते. एरवी ती दुसऱ्याच्या देवघरावर घातलेली धाड असते, आणि धाडीने कोणाचे मत बदलल्याचा दाखला नाही.