थंडी, मरळ आणि लाल व्रण

थंड देशांत तळी गोठतात, बर्फावर हिम साचून उजेड अडतो आणि पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. मेहकर तालुक्यातील कोराडी, पेनटाकळी जलाशय गोठत नाहीत, तरी थंडीची लाट माशांना बाधतेच. पाणी २० अंशांखाली गेले की रोहू, कटला खाणे कमी करतात. वाढ खुंटते, प्रतिकारशक्ती मंदावते. नेमकी हीच संधी साधून अफॅनोमायसिस नावाचा बुरशीसारखा जीव मरळीच्या अंगावर लाल व्रण पाडतो. भारतात हा रोग १९८८ मध्ये आला. शेततळ्यात चुना टाकून तो आवरता येतो. धरणात किती टाकणार? तिथे जाळ्यात येणाऱ्या माशांवर नजर ठेवणे, रोगट मासे पुन्हा पाण्यात न सोडणे, एवढेच हाती उरते. शेततळ्यात खाद्यही हात आखडूनच टाकावे. उरलेले कुजते आणि प्राणवायू ओढून घेते.