घरातील जुने लाकूडसामान व त्याची पारख

आपल्या सांताक्रूझमध्ये जुने बंगले व दुमजली-तिमजली इमारती पाडून त्या जागी उंच मनोरे उभारण्याचे काम किती जोराने चालले आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. घर रिकामे करण्याचा दिवस आला, म्हणजे भांडीकुंडी बांधली जातात, तसबिरी कापडात गुंडाळल्या जातात; परंतु आजोबांचे शिसवी कपाट नव्या घराच्या दारातून आत शिरत नाही, म्हणून ते भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते. तेथून ते बहुधा तीन स्थानके पलीकडे, जोगेश्वरीच्या पश्चिमेस, ओशिवऱ्याच्या जुन्या लाकूडसामानाच्या बाजारात जाते. तेथे त्यास झगझगीत पॉलिश होते, पितळेच्या नव्या मुठी बसतात आणि 'व्हिक्टोरियन' ही पदवी मिळते. मग काही महिन्यांनी ते दुसऱ्या एखाद्या हौशी गृहस्थाच्या दिवाणखान्यात जाऊन उभे राहते. विकणाऱ्याने लाकडाचे पैसे घेतले आणि घेणाऱ्याने नावाचे पैसे दिले. आमच्या मते नुकसान दोघांचेही झाले, कारण वस्तू पाहावी कशी, हे दोघांपैकी एकासही ठाऊक नव्हते.

प्रथम त्या नावाविषयी. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ पासून १९०१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौसष्ट वर्षांची. एवढ्या अवधीत इंग्लंडात लाकूडकामाचे घाट अनेक वेळा बदलले. फुग्यासारख्या गोल पाठीच्या खुर्च्या आल्या, चर्चच्या कमानींची नक्कल करणारी कपाटे आली, आणि शेवटी या सर्व नक्षीस कंटाळून साध्या रेषांचा आग्रह धरणारी मंडळीही आली. तेव्हा 'व्हिक्टोरियन' हे काळाचे नाव आहे, घाटाचे नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, राणी निवर्तली तेव्हा आपले सांताक्रूझ बव्हंशी शेतावाड्यांचे गाव होते. येथील वस्ती दाट झाली ती पुढील दशकांत. येथील घरांतील जे सामान खरोखर तितके जुने आहे, ते गिरगाव, कोट, गोवा किंवा कोकणातून बिऱ्हाडाबरोबर आलेले असावयाचे. उरलेले पुष्कळसे १९२० ते १९४० च्या सुमाराचे आहे. सरळ रेषा, गोलावलेले कोपरे, पायऱ्यापायऱ्यांचा माथा, ही त्याची लक्षणे. त्यास आर्ट डेको म्हणतात. ते आपल्या जागी सुंदरच आहे; त्यावर राणीचा शिक्का मारण्याचे काही कारण नाही.

आता पारखीकडे वळू. या विषयावरील पुस्तके बहुतेक इंग्लंडात लिहिलेली आहेत, आणि नेमका येथेच आपला नवशिका संग्राहक फसतो. ती पुस्तके सांगतात की खण ओढून त्याच्या कोपऱ्यातील सांधा पाहा. पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखा हा सांधा सुतारांत डोव्हटेल या नावाने ओळखला जातो. त्याचे दाते लहानमोठे असतील तर तो हाताने कापलेला व म्हणून जुना. सारखे असतील तर यंत्राचा. तसेच फळीच्या मागील अंगास करवतीच्या सरळ खुणा असतील तर हातकरवत, अर्धवर्तुळाकार असतील तर यंत्राची चकती. इंग्लंडापुरते हे बरोबर आहे. परंतु आमच्याकडे विसाव्या शतकात बराच काळ ओंडका घोडीवर चढवून, एक करवत्या वर व एक खाली उभा राहून फळ्या पाडीत असत, आणि सुतार सांधे हातानेच कापीत असे. म्हणून हाताची खूण पाहून 'शंभर वर्षे जुने' असे म्हणणे आपल्या मुलखात धाडसाचे होय. इंग्रजी पुस्तकांत लाकडी पातळ पापुद्र्याच्या, म्हणजे व्हिनियरच्या, जाडीवरूनही काळ ठरवितात. मुंबईच्या पावसाळी हवेत सरस सुटतो आणि पापुद्रा उचलतो. त्यामुळे येथील कारागिरांनी भरीव साग व भरीव शिसवी वापरली, आणि उकाड्यामुळे गादीऐवजी वेताची बैठक विणली. सबब जे लक्षण तेथे शोधावयाचे, ते येथे मुळातच नसते.

मग भरवसा कशावर ठेवावा? आमच्या मते बाहेरून आलेल्या लहान लोखंडी-पितळी वस्तूंवर. स्क्रूच पाहा. टोकदार स्क्रू १८५० च्या सुमारास प्रचारात आला. त्यापूर्वीच्या स्क्रूचे टोक बोथट असे. माथ्यावर फुली असलेला स्क्रू तर १९३० नंतरच्या दशकातला. असा फुलीचा स्क्रू मूळच्याच भोकात बसलेला आढळला, तर राणीची गोष्ट तेथेच संपली. मात्र शेजारी बुजविलेले जुने भोक असेल, तर दुरुस्ती झाली असे समजावे. कुलपाच्या पट्टीवर, मुठीवर किंवा पायांच्या पितळी चाकांवर कधी पतंगाच्या आकाराचे एक चिन्ह असते. ते इंग्लंडातील नमुना-नोंदणीचे चिन्ह होय. ते १८४२ पासून १८८३ पर्यंत वापरात होते, आणि १८८४ पासून त्याची जागा साध्या अनुक्रमांकाने घेतली. असे चिन्ह मिळाले म्हणजे त्या वर्षाच्या आधीची ती वस्तू नव्हे, एवढे तरी निश्चित होते. किडीची भोके पाहून भुलू नये. सागाच्या गाभ्यास कीड सहसा शिवत नाही, आणि खरी कीड वळणे घेत जाते. तार सरळ आत गेली, तर ती कीड हातात गिरमिट धरणारी होती असे समजावे!

मुंबईचे खरे वैभव म्हणजे येथले कोरीव शिसवी सामान. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोटातील मेडोज स्ट्रीट, म्हणजे आताचा नगीनदास मास्तर मार्ग, या भागात ते विकले जाई. पारशी व युरोपीय गृहस्थांचे दिवाणखाने त्याने भरलेले असत. घाट विलायती, पण आरपार कोरलेली पाने, वेली आणि फळे येथल्या हातांची. या कारागिरांची नावे लाकडावर कोठेच नाहीत, ही आम्हांस फार खेदाची बाब वाटते. ज्या विद्यार्थ्यांस त्या काळाची हवा अनुभवावयाची असेल, त्यांनी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. ते १८७२ साली लोकांस खुले झाले. तेथे वस्तूंइतकीच त्या ठेवलेली जुनी काचकपाटेही पाहण्यासारखी आहेत.

इराण्याच्या हॉटेलातील वाकविलेल्या लाकडाच्या खुर्चीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तिचा मूळ नमुना व्हिएन्नाच्या थोनेट यांनी १८५९ साली काढला. सहा लाकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात ती खुर्ची पुरी होई. व्हिक्टोरियाच्या काळात जन्मलेली असूनही तिला कोणी 'व्हिक्टोरियन' म्हणत नाही, कारण तिच्यावर नक्षी नाही.

पॉलिशविषयी आमचे मत थोडे कडक आहे. जुन्या सामानावर चपड्याचे पॉलिश असते. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा हलकेच लावला असता ते चिकट होते. हल्लीचे रासायनिक पॉलिश तसे होत नाही. परंतु एवढी परीक्षा झाल्यावर बोळा बाजूस ठेवावा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी खणाच्या कडेला आलेली झिलई यंत्राच्या घासकागदाने अर्ध्या तासात नाहीशी होते, आणि मग ती कोणत्याही किमतीस मिळत नाही. ज्यास नवे दिसणारे कपाट हवे, त्याने खुशाल नवे घ्यावे. ओशिवऱ्याचे कित्येक कारागीर जुन्या तुळया व दरवाजे वापरून नवे सामान उत्तम बनवितात. नवे म्हणून विकले तर तो धंदा सन्मानाचाच आहे.

संग्रह म्हटला म्हणजे पैसा हवा, हा समजही आम्हांस मान्य नाही. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे अशा घरगुती वस्तूंपासून जो संग्रह उभा केला, तो १९७५ साली सरकारकडे सोपविला गेला. आज ते राजा दिनकर केळकर संग्रहालय होय. दुसऱ्यांनी टाकावू मानलेले त्यांनी उचलले. आपल्या मुलांस तर उचलण्यासाठी बाहेर जाण्याचीही गरज नाही. परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांनी एक गोष्ट मात्र ध्यानी ठेवावी की, १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांवरील पुरातन वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा आजीचा कोरीव पलंग कोणी तरी येथेच सांभाळावयास हवा.

या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील सर्वांत जुनी लाकडी वस्तू निवडावी, खण काढून तिची पाठ व तळ पाहावा, आणि ती कोणी, कोठून, कोणत्या साली आणली, हे आजीआजोबांस विचारून कागदावर लिहावे. सुताराचे वा दुकानाचे नाव आठवत असेल, तर तेही लिहावे. चिठ्ठी खणाच्या मागल्या फळीस आतल्या बाजूने खळीने चिकटवावी. पॉलिशवाल्याचा हात तेथवर सहसा पोचत नाही.