ढग तेच, झुडूपही तेच
‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधले ढग आणि झुडपं नीट बघा: आकृती एकच, नुसता रंग बदललेला. १९८५ सालच्या त्या कार्ट्रिजमध्ये अख्खा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला, त्यात चित्रांच्या वाट्याला जेमतेम ८. त्यातला गुम्बा नावाचा शत्रू तुरुतुरु चालतो, तेही एकच चित्र डावं-उजवं उलटवून! आता मेमरी मुबलक, म्हणून आपला हात सैल. १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं टेक्श्चर न दाबता ठेवलं तर ४ मेगाबाइट खातं. ५० राक्षसांनी आपापली प्रत उघडली की २०० गेलेच. अहो, टेक्श्चर एकदाच लोड करा, सगळ्यांनी तेच वापरावं. प्रत्येक राक्षसाने आपली चालू फ्रेम तेवढी लक्षात ठेवावी. मात्र शेवटचा राक्षस मरेपर्यंत टेक्श्चर पुसू नका, नाहीतर उरलेले नुसते काळे-पांढरे चौकोन होऊन अंगावर येतात.