संत्र्यावरचा आरोप

हिवाळा आला की बाजारात संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. नागपूरची संत्री, जालन्याची मोसंबी आणि लिंबू तर बारा महिने आपल्या घरात असतेच. संत्रे सोलले की त्याचा वास घरभर पसरतो आणि तोंडाला पाणी सुटते. पण याच फळावर कधी कधी मोठा आरोप येतो.

समजा, तुमच्या धाकट्या बहिणीने संत्रे खाल्ले. थोड्या वेळाने तिच्या ओठांभोवती लाली आली आणि खाज सुटली. घरात चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, "हिला संत्र्याचे वावडे आहे." दुसरा म्हणाला, "रक्त तपासून घ्या, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागेल." रक्त तपासले. अहवालात संत्र्यापुढे एक आकडा छापून आला. त्या दिवसापासून संत्रे, मोसंबी, लिंबू सारे बंद! मला विचाराल, तर हा निकाल फार घाईचा आहे. रक्ताचा अहवाल हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

असे मी का म्हणतो, ते समजून घ्या. वावडे म्हणजेच अ‍ॅलर्जी. हा शब्द 1906 साली व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी प्रथम वापरला. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. कधी कधी ही फौज चुकते आणि फळातल्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते. त्याच्याविरुद्ध ती 'इम्युनोग्लोब्युलिन ई' नावाची प्रतिपिंडे तयार करते. तेच फळ पुन्हा पोटात गेले की हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडते. मग खाज सुटते, अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात. क्वचित श्वासही कोंडतो.

ही प्रतिपिंडे कोणी शोधली? 1966 साली अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने त्यांचा शोध लावला. 1967 साली स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक या शास्त्रज्ञांनाही ती स्वतंत्रपणे सापडली. त्यानंतर ती रक्तात मोजण्याची रीत निघाली. शिरेतून थोडे रक्त घेतात. त्यातला पातळ, पिवळसर भाग वेगळा करतात आणि संत्र्याच्या प्रथिनांशी त्याचा संयोग घडवतात. जी प्रतिपिंडे त्या प्रथिनांना चिकटतात, तेवढीच मोजतात. अहवालातला आकडा तो हाच.

आता नीट लक्ष द्या. हा आकडा फक्त एवढेच सांगतो की रक्तात प्रतिपिंडे आहेत. संत्रे खाल्ल्यावर त्रास होतोच, असे तो सांगत नाही. त्रास किती होईल, हेही त्यावरून नक्की कळत नाही. संत्र्यातले एक प्रथिन गवताच्या परागकणांतल्या प्रथिनासारखेच असते. म्हणून ज्याला परागकणांचे वावडे आहे, त्याच्या रक्तात संत्र्यापुढेही आकडा येऊ शकतो. तो माणूस मात्र रोज मजेत संत्री खात असतो! उलटही घडते. तपासणीसाठी फळाचा अर्क काढताना काही नाजूक प्रथिने नष्ट होतात. मग खरे वावडे असूनही अहवाल 'काही नाही' असे म्हणतो.

शिवाय प्रत्येक लाली म्हणजे वावडे नव्हे. लहान मुलांची त्वचा कोवळी असते. आंबट रस लागला की ती नुसतीच चुरचुरते आणि लाल होते. संत्र्याच्या सालीतल्या तेलामुळे काहींच्या हातांना पुरळ येते. तो त्रास वेगळ्या प्रकारचा असतो आणि रक्ताच्या या तपासणीत तो दिसतच नाही.

कोणी म्हणेल, "सावध राहिले तर बिघडले कुठे? एक फळ खाल्ले नाही म्हणून काय होणार?" एका फळाने फारसे बिघडत नाही, हे खरे. संत्र्यातले क जीवनसत्त्व पेरू आणि आवळा यांतूनही मिळते. पण गोष्ट एका फळावर थांबत नाही. आज संत्रे, उद्या टोमॅटो, परवा आणखी काही. मुलाचे ताट रिकामे होत जाते आणि मनात भीती भरत जाते. दुसरे असे की, निर्दोष फळाला शिक्षा झाली, तर खरा गुन्हेगार मोकळा राहतो. त्या दिवशी संत्र्याबरोबर शेंगदाण्याची चिक्कीही खाल्ली होती का, हे मग कोणी विचारतच नाही.

म्हणून माझे मत असे की, रक्ताच्या आधी माणसाची हकिकत तपासावी. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, पूर्वीही असेच घडले होते का, हे सारे वहीत लिहावे आणि डॉक्टरांना सांगावे. रक्त तपासायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे. शंका उरलीच, तर ते रुग्णालयात आपल्या देखरेखीखाली ते फळ थोडे थोडे खायला देऊन पाहतात. हीच सर्वांत खात्रीची कसोटी. 1747 साली जेम्स लिंड या डॉक्टरने जहाजावरच्या आजारी खलाशांना वेगवेगळे पदार्थ देऊन पाहिले. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेले दोघे खलाशी सर्वांत लवकर बरे झाले. त्यांनी तर्क केला नाही. खायला दिले आणि पाहिले.

पण एक इशारा विसरू नका. ही कसोटी घरी कधीही करू नये. फळ खाल्ल्यावर श्वास कोंडला, घसा सुजला किंवा चक्कर आली, तर अहवालाची वाट पाहू नका. तत्काळ रुग्णालय गाठा. आणि तुमच्या वर्गात एखाद्याला खरोखर वावडे असेल, तर "एक फोड खाल्ल्याने काय होते?" असा आग्रह करू नका. त्याची थट्टाही करू नका. तुमची थट्टा त्याच्या जिवावर बेतू शकते.

मित्रांनो, भीतीने फळ सोडणे चूक आहे आणि हट्टाने खाणेही चूक आहे. कागदावरचा आकडा वाचा, पण त्याच्याबरोबर माणसाची हकिकतही ऐका. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. हा नियम माणसांना लागू आहे, तसाच तो संत्र्यालाही लागू आहे.