जन्म, लग्न, मरण आणि सरकारी दप्तर

जन्म, विवाह आणि मृत्यू या तीन प्रसंगी आपला समाज खर्चास किंवा श्रमास कधी मागेपुढे पाहत नाही. बारशास घुगऱ्या वाटल्या जातात, लग्नास ऋण काढून मांडव घातला जातो आणि तेराव्यास भाऊबंद जेवतात. मात्र याच तीन प्रसंगांची चार ओळींची नोंद सरकारी दप्तरात करविण्याची वेळ आली, की हाच उत्साही समाज एकाएकी उदासीन होतो. ‘पाहू पुढे’ म्हणून जी गोष्ट टाळली जाते, तिची आठवण शाळेच्या दारात, वारसाच्या अर्जावर किंवा कोर्टाच्या पायरीवर होते. आणि जे काम एका खेपेत व फुकट झाले असते, त्यास तोपर्यंत पैसा, कागदपत्रे व महिनोगणती हेलपाटे लागू लागतात. या उदासीनतेचा भार गावातील सर्वांवर सारखा पडत नाही, तो दुबळ्यांवर अधिक पडतो, हे दाखविण्याकरिताच आम्ही आज हा विषय हाती घेतला आहे.

घोड नदीच्या खोऱ्यातील, येमाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव पुणे जिल्ह्यातील शेकडो गावांचा नमुना म्हणून घेण्यास हरकत नाही. अशा गावची सून पहिल्या बाळंतपणास माहेरी जाते आणि ते माहेर बहुधा परगावी असते. अडचण दिसली तर तिला मंचरास, शिरुरास किंवा पुण्यास नेतात. घरातील वृद्धाचा अंत शहरातील इस्पितळात होतो आणि अग्निसंस्कार गावी नदीकाठी होतो. आता कायद्याचा दंडक असा की, जन्म अथवा मृत्यू जेथे घडला तेथल्याच निबंधकाच्या दप्तरात त्याची नोंद व्हावयाची. कुटुंबाचे राहणे कोठे आहे याचा तेथे संबंध नाही. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे सासरची मंडळी आपल्या ग्रामपंचायतीत दाखला मागतात आणि रिकाम्या हाती परततात, माहेरची मंडळी दवाखान्यावर हवाला ठेवून स्वस्थ बसतात. दवाखान्याने जन्म वेळेवर कळविला, तरी त्या दिवशी बाळाचे नाव ठरलेले नसते, म्हणून नावाची जागा कोरी राहते. ती एक वर्षाच्या आत विनाशुल्क आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क देऊन भरता येते. परंतु बारशास पाच-पाच नावे सुचविणाऱ्या मंडळींपैकी एकासही त्या कोऱ्या जागेची आठवण होऊ नये, हे नवल नव्हे काय?

कायदा क्लिष्ट आहे, असे म्हणण्यास फारशी जागा नाही. 1969 च्या जन्म व मृत्यू नोंदणी कायद्यान्वये जन्म किंवा मृत्यूची वर्दी 21 दिवसांच्या आत द्यावयाची असते. घटना दवाखान्यात घडली तर ती जबाबदारी दवाखान्याच्या प्रमुखाची, घरी घडली तर कुटुंबप्रमुखाची. वर्दी देणारास पहिला दाखला मोफत मिळावयाचा आहे, आणि 2023 च्या दुरुस्तीने तो नोंद झाल्यापासून सात दिवसांच्या आत देण्याचे बंधन निबंधकावर घातले आहे. एकविसावा दिवस उलटला की विलंबशुल्क सुरू होते, तीस दिवस उलटले की वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटले की प्रकरण दंडाधिकाऱ्यापुढे जाते. त्यात खोट्या दाखल्यांच्या तक्रारींवरून जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने वर्षाहून अधिक विलंबाचे दाखले देणेच काही काळ थांबविले आणि मार्च 2025 मध्ये अधिक कडक कार्यपद्धती घालून दिली. खोटेपणास आळा घातलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु लबाडास कागद जमविण्याची कला साधलेली असते. अडतो तो प्रामाणिक पण निरक्षर मनुष्य. सबब उशिराची वाट जितकी अरुंद होईल, तितकी वेळेवरची वाट घरोघर पोहोचविणे सरकारचे कर्तव्य ठरते. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला पुढे करावा लागणार आहे. पूर्वी शाळेत दाखल करताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेल्या तारखेवर जन्म निघून जात असे; यापुढे तो काळ राहिला नाही.

आता हा भार कोणावर पडतो ते पाहू. पतीच्या मृत्यूची नोंद नसेल तर विधवेचे नाव सातबाऱ्यावर वारस म्हणून लागणे अडते, बँकेतील ठेव अडते आणि निराधारांचे अनुदानही अडते. लग्नाची नोंद नसेल तर आपण त्याची पत्नी होतो, हेच तिला दिराभावजयांपुढे सिद्ध करीत बसावे लागते. नवऱ्याने टाकून दिलेल्या किंवा सवत आणलेल्या स्त्रीची गत याहून निराळी नाही. नोंद नाही म्हणून लग्न रद्द होत नाही, हे खरे. पण ज्या लग्नाचा कागद नाही, ते नाकारणे पुरुषास सोपे जाते, हेही तितकेच खरे. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असे सांगितले, ते स्त्रियांची हीच दैना ध्यानी घेऊन. महाराष्ट्रात तर 1998 चा विवाह नोंदणीचा स्वतंत्र कायदा आहे, त्याची मुदत 90 दिवसांची आहे, आणि खेड्यातील निबंधक दूर कोठे नसून ग्रामपंचायतीतच बसलेला आहे.

दुसरा वर्ग भटक्यांचा. मेंढरे घेऊन फिरणारा धनगर, कारखान्याच्या रानात कोपी घालून राहणारा ऊसतोड मजूर, गावोगाव फिरणारा तमाशाचा फड यांच्या घरचे जन्म वाटेवरच होतात. नारायणगावच्या विठाबाई ऐन खेळात प्रसूत झाल्या आणि दगडाने नाळ तोडून पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. त्यांच्याच नावाचा राज्य शासनाचा पुरस्कार कवठे येमाईचे लोकशाहीर बी. के. मोमीन यांस मिळाला होता. कलावंतिणीच्या धैर्याचे आपण कौतुक करतो. परंतु तशाच मुक्कामी जन्मलेल्या मुलाची वर्दी कोणी द्यावयाची, हे मात्र विचारीत नाही. त्या मुलाचा हक्क मुक्कामाच्या गावच्या दप्तरावर आहे. ‘तुम्ही आमच्या गावचे नाही’ असे सांगून त्याच्या बापास परत पाठविणे हे कायद्याच्या अगदी उलट होय.

काही मंडळी म्हणतात की, दाखल्यावाचून आमचे आजे-पणजे जगले व मेले, त्यांचे काय अडले? त्यांस आम्ही 2023 सालची गोष्ट स्मरण करून देतो. कुणबी नोंदी शोधण्याकरिता न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा कचेऱ्याकचेऱ्यांतून जन्म-मृत्यूची जुनी कोतवाल बुके, म्हणजेच गाव नमुना 14, धूळ झटकून उघडण्यात आली आणि मोडी वाचणारे शोधले गेले. शंभर वर्षांपूर्वी एका गावकामगाराने लिहिलेल्या ओळीवर आज पणतवंडाचा हक्क उभा राहतो, आणि जेथे ती ओळ नाही तेथे पणतू हात चोळीत बसतो. आजे-पणजे यांचे अडले नसेल. त्यांच्या वंशजांचे अडले.

सामाजिक सुधारणेचा इतिहासही हेच सांगतो. 1929 साली बालविवाहास बंदी करणारा सारडा कायदा झाला. त्याच सुमारास सर मोरोपंत जोशी यांच्या समितीने जन्माच्या व विवाहाच्या नोंदी पक्क्या ठेवण्यावर भर दिला होता. कारण मुलीचे वय सिद्ध करण्याचे साधन नसेल, तर वयाची मर्यादा घालणारा कायदा शोभेचा ठरतो. आज मर्यादा मुलीस 18 व मुलास 21 वर्षांची आहे, आणि ज्यांस लोक अजूनही ग्रामसेवक म्हणतात त्या ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याकडे जन्म व विवाह यांची नोंद आणि बालविवाहास प्रतिबंध ही दोन्ही कामे आहेत. जन्माची ओळ वेळेवर लिहिली गेली, तर लग्नघरी वयावरून वाद घालण्याची पाळीच येणार नाही.

दोष सर्वस्वी रयतेचा आहे, असे आमचे म्हणणे नाही. ‘आज साहेब नाहीत’, ‘आज यंत्र बंद आहे’, ही उत्तरे खेड्यातील मनुष्यास पाठ झाली आहेत. टंकलेखनात नाव बिघडते ते निराळेच, आणि कचेरीची ती चूक दुरुस्त करून घेण्याकरिता मजुराची रोजी बुडते. या अडचणीवरच दलाल पोसला जातो. परंतु 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने मुदतीत दाखला मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. अर्जाची पोच मागता येते, दिरंगाई झाल्यास अपील करता येते, आणि कसूरदार अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हक्क कागदावर असून लोकांनी तो वापरला नाही, तर दलालास दोष देण्यात काय हशील?

म्हणून आमची सूचना अशी आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. त्या प्रत्येक सभेत मागील तिमाहीत नोंदलेले जन्म, विवाह व मृत्यू मोठ्याने वाचून दाखवावेत. कोणाचे राहिले, कोणाचे नाव चुकले, हे गावास तेथेच कळेल. आशा व अंगणवाडी सेविका यांनी बाळंतिणीस भेटताना बाळाच्या वजनाबरोबर नोंदीचीही चौकशी करावी. लग्न लावणाऱ्या भटजी, काझी व भन्ते यांनी अक्षता किंवा कबुली झाल्यावर नोंदणीचा अर्ज पुढे ठेवावा. तिरडी उचलणाऱ्या भाऊबंदांनी, दहाव्याची तयारी करतानाच, मृत्यूची वर्दी देण्याचे काम एकावर सोपवावे. यांपैकी एकाही गोष्टीस नव्या कायद्याची किंवा नव्या अनुदानाची गरज नाही.

आपल्या गावची माणसे जन्मली केव्हा, जोडली गेली कोणाशी आणि गेली केव्हा, हे ज्या गावास सांगता येत नाही, त्या गावच्या विधवेस न्याय आणि मुलीस संरक्षण कोण देणार? येत्या ग्रामसभेत कवठे येमाईसारख्या एखाद्या गावाने हा वाचनाचा परिपाठ सुरू केला, तर त्याचा कित्ता शेजारची गावे गिरवितील, अशी आम्हांस उमेद आहे. एकवीस दिवस हा अवधी थोडा नव्हे. त्यात बारसेही उरकते आणि तेरावेही.