तोफांच्या पल्ल्यातला माळ

पोखरण हे नाव आपल्याला 1974 आणि 1998 च्या अणुचाचण्यांमुळे ठाऊक आहे. राजस्थानातल्या त्याच पोखरणच्या फायरिंग रेंजवर तोफखाना सराव करतो, रणगाडे धावतात, बॉम्ब पडतात, आणि तिथेच माळढोक राहतो. जगात आज जेमतेम दीडशे माळढोक उरले असावेत. त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. तिथेही त्यांची भिस्त दोनच जागांवर आहे: एक डेझर्ट नॅशनल पार्क, आणि दुसरी लष्कराची ही रेंज व तिच्या लगतचा माळ. मीटरभर उंचीचा हा पक्षी. त्यातला नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. इतक्या जोखमीचा संसार करणाऱ्या पक्ष्याला दारूगोळ्याचा शेजार का मानवला, हा यंदाच्या अंकामागचा प्रश्न आहे.

उत्तराचा अर्धा भाग आपल्याच सोलापुरात सापडतो. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झाले. कागदावर त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामांच्या परवानग्या रखडल्या आणि ज्या पक्ष्याचा लोकांना अभिमान वाटायचा त्याच्याविषयी राग साठत गेला. पुढे हे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत कमी केले गेले. पण तोवर उजनी धरणाचे पाणी येऊन उसाचे मळे फुलले होते, विजेच्या तारा आल्या होत्या आणि सलग गवताळ माळाचे तुकडे झाले होते. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. देशातली संरक्षण खात्याची सगळी जमीन एकत्र केली तरी ती सव्वासात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे आपले एक अभयारण्य कागदावर तिच्याहून मोठे होते, तरी माळढोक आपल्याकडून निसटला.

उत्तराचा उरलेला भाग पोखरणला आहे. रेंजवर नांगर फिरत नाही, बोअरवेल पडत नाही, कुंपणे आणि वस्त्या उभ्या राहत नाहीत. गोळीबार ठरल्या वेळी होतो आणि थांबतो. नांगरट आणि बांधकाम एकदा सुरू झाले की थांबत नाही. रेंजच्या बाहेर सौर आणि पवन ऊर्जेच्या प्रकल्पांसाठी उच्च दाबाच्या तारांचे जाळे पसरले आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरचे त्याला नीट दिसत नाही. तार जवळ आल्यावर ते जड शरीर वेळेत वळवताही येत नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2021 व 2024 मध्ये न्यायालयाने त्यावर आदेश दिले. रेंजच्या आत मात्र आभाळ मोकळे राहिले, ते सरावासाठी. लष्कराने जमीन स्वतःच्या गरजेसाठी राखली आणि तिच्याबरोबर माळढोकही राखला गेला. हा योगायोग आहे. योगायोगावर एखाद्या प्रजातीचे भवितव्य सोडून देता येत नाही, आणि या संपादकीयाचे म्हणणे तेवढेच आहे.

इंग्लंडमध्ये सॉल्सबरी प्लेन नावाचा मोठा माळ आहे. ब्रिटिश युद्धखात्याने 1897 पासून तिथली जमीन विकत घेतली. आज ती सुमारे 38,000 हेक्टर आहे. आसपासच्या चुनखडीच्या माळांवर नांगर फिरला, रासायनिक खते पडली. इथे रानफुले आणि गवत टिकले. रणगाड्यांच्या पट्ट्यांनी पडलेल्या खळग्यांत पाणी साचते आणि त्यात फेअरी श्रिम्प नावाचा कोळंबीसारखा इवला जीव वाढतो. त्याची अंडी चिखलाबरोबर एका खळग्यातून दुसऱ्यात नेण्याचे काम रणगाडेच करतात. आपल्या माळढोकाचा भाऊबंद ग्रेट बस्टर्ड ब्रिटनमधून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाहीसा झाला होता. 2004 पासून त्याला पुन्हा वसवण्याचे काम सुरू झाले ते याच माळावर. पण इम्बर नावाचे गावही याच माळावर आहे. डिसेंबर 1943 मध्ये सैन्याच्या सरावासाठी ते रिकामे केले गेले आणि युद्ध संपल्यावरही गावकऱ्यांना राहायला परत जाता आले नाही. लष्करी जमिनीवरच्या निसर्गाचे कौतुक करताना इम्बर विसरून चालणार नाही.

अमेरिकेतल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाची गोष्ट त्यापुढची आहे. तिथल्या पाइनच्या जंगलात रेड-कॉकेडेड वुडपेकर हा दुर्मीळ सुतारपक्षी जिवंत झाडांत ढोली कोरतो. ते जंगल अधूनमधून वणवा लागल्यावाचून निरोगी राहत नाही. गोळीबाराने लागणाऱ्या आगींनी ही गरज काही प्रमाणात भागवली होती. 1990 च्या सुमारास कायद्याने या झाडांभोवतीच्या सरावावर निर्बंध आणले आणि पक्षी विरुद्ध फौज असे भांडण पेटले. मग लष्कर, वन्यजीव खाते आणि शेजारचे जमीनमालक एकत्र बसले. ठरवून आगी लावल्या गेल्या, कृत्रिम ढोल्या बसवल्या गेल्या, तळाबाहेरचे जंगलही राखले गेले. 2006 पर्यंत त्या भागातल्या पक्ष्यांनी ठरवलेली संख्या गाठली आणि सरावावरचे निर्बंध सैल झाले. यामागे साइक्स कायद्याचेही बळ होते. हा कायदा 1960 चा. 1997 च्या दुरुस्तीने महत्त्वाची निसर्गसंपदा असलेल्या प्रत्येक लष्करी तळाला तिच्या जपणुकीचा लेखी आराखडा करणे आणि निदान पाच वर्षांनी तो तपासणे बंधनकारक झाले. लष्कराची सिद्धता कमी होता कामा नये, हेही त्याच कायद्यात आहे.

आपल्याकडे संरक्षण खात्याची जमीन सुमारे 18 लाख एकर आहे, म्हणजे जवळपास रायगड जिल्ह्याएवढी. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर इथे छावण्या वसल्या. खडकवासल्याच्या एनडीएचा परिसरच सुमारे सात हजार एकरांचा आहे. पुण्याच्या हवेतला गारवा किती कमी होत आला आहे हे ज्यांना जाणवते, त्यांना या हिरव्या पट्ट्यांचे मोल सांगायला नको. तरीही लष्करी जमिनीवरच्या निसर्गासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. एखादा कमांडर निसर्गप्रेमी निघाला तर काम होते, आणि त्याची बदली झाली की विरते.

सैन्याला हे काम जमत नाही, असे मुळीच नाही. मसुरीचे डोंगर चुनखडीच्या खाणींनी ओरबाडले होते, तेव्हा 1 डिसेंबर 1982 रोजी प्रादेशिक सेनेची 127 वी पर्यावरण बटालियन उभी राहिली आणि माजी सैनिकांनी ते उतार पुन्हा हिरवे केले. मराठवाड्यात महार रेजिमेंटशी जोडलेली 136 वी बटालियन त्याच वाटेवर आहे. एवढेच लक्षात ठेवायला हवे की सगळीकडे झाडे लावणे म्हणजे निसर्ग जपणे नव्हे. माळावर झाडे दाटली की माळढोक, काळवीट आणि लांडगा यांचे घर जाते. आपल्या दप्तरात माळाला पडीक जमीन म्हणतात, आणि तिच्या वाट्याला येणारी उपेक्षा तिथूनच सुरू होते.

लष्करी गरज आणि झाडी यांची सांगड आपल्या राज्यपरंपरेला नवी नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. गडाभोवतीची झाडी हीच गडाची राखण आहे, ती प्रयत्नाने वाढवावी, तिची काठीही तोडू देऊ नये, असा दंडक त्यात आहे. आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, कारण लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हेही त्यात आहे. फौजेची गरज, झाडाचे आयुष्य आणि रयतेचे मन या तिन्हींचा विचार ज्या राज्याने लेखी केला, त्याच्या वारसांनी आज यापेक्षा कमी मागू नये.

आम्ही मागतो ते असे. मोठी रेंज, दारूगोळा आगार आणि प्रशिक्षण संस्था यांच्या निसर्गाची नोंद व्हावी आणि त्यावरून लेखी आराखडा ठरावा. त्यात वनखाते, अभ्यासक आणि शेजारच्या ग्रामपंचायती असाव्यात. सुरक्षेचा भाग गुप्त राहो, पण पक्षी-प्राणी, गवत आणि पाणी यांची माहिती लोकांसमोर यावी. विणीच्या हंगामात सरावाच्या जागा त्यानुसार ठरवाव्यात. छावण्यांचा नागरी भाग महापालिकांकडे देण्याच्या हालचाली सुरू आहेत. तो देण्याआधी तिथली मोठी झाडे आणि मोकळी जमीन यांना संरक्षण मिळावे. आणि न फुटलेले गोळे शोधून नष्ट करण्याचे काम नेमाने व्हावे, कारण भंगारासाठी ते उचलणाऱ्या गरिबाचा जीव जातो.

गावांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजच्या विस्ताराला नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतल्या गावांनी विरोध केला, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर जमीन आणि घरे जाण्याचे भय होते. माळढोकाचे नाव पुढे करून कुणी त्यांच्या शेतावर हक्क सांगितला, तर नान्नजची चूक पुन्हा होईल. निसर्ग राखायचा तो लष्कराकडे आज आहे त्या जमिनीवर.

या अंकाचा विशेष विभाग माळरानाला वाहिला आहे. दिवाळीची सुरुवात आपण वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने करतो. यंदा ज्यांच्या गावाशेजारी छावणी किंवा रेंज आहे, त्यांनी तिथे काय जगते याची नोंद करावी, ती आपल्या लोकप्रतिनिधीकडे पाठवावी आणि आराखड्याची मागणी लावून धरावी. सीमेवर आणि सरावाच्या मैदानांवर सण काढणाऱ्या जवानांना, माळावर मेंढरे राखणाऱ्या धनगरांना आणि आपणा सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!

– संपादक