व्होल्टेजची किल्ली लॅपटॉपच्या मालकाला हवी

गेमिंग लॅपटॉपच्या खोक्यावर बरंच काही छापलेलं असतं. प्रोसेसर कितव्या पिढीचा, कोअर किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं, पडद्याचे हर्ट्झ किती. एक आकडा मात्र मला आजवर कुठल्याच खोक्यावर सापडलेला नाही. खोलीत ४० अंश तापमान असताना हा प्रोसेसर तासभर सलग किती वॅटवर चालेल? नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात राहणाऱ्या माणसाला लॅपटॉप घेताना सगळ्यात आधी हवा असतो तो हाच आकडा.

नागपूरच्या सीताबर्डीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. होळी आटोपली की तापणारे गेमिंग लॅपटॉप यायला लागतात आणि पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. ते घेऊन येणारे सगळे गेम खेळणारे असतात, असा समज करून घेऊ नका. बरीचशी मुलं आर्किटेक्चरची, अ‍ॅनिमेशनची, इंजिनीअरिंगची असतात. कॉलेजच्या कामाला ताकदवान ग्राफिक्स कार्ड लागतं, म्हणून घरच्यांनी हप्त्यांवर घेऊन दिलेलं असतं. सोबत आलेली आई विचारते, "ताई, नवीनच तर आहे न हा. कंपनीवाले म्हणतात इतकं तापणं नॉर्मल आहे. खरंच नॉर्मल असते का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर थोडा हिशेब मांडावा लागतो. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तिथे पोचला की प्रोसेसर जिवाला धोका नको म्हणून स्वतःच वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. आता, उष्णता बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७५ अंशांचा मिळतो, ४२ अंशांच्या खोलीत ५८ अंशांचा. म्हणजे जी कूलिंग एसीच्या खोलीत ९० वॅट बाहेर टाकते, तीच आमच्याकडे मे महिन्यात ७० वॅटच्या आसपास हात टेकते. यंत्र तेच, पैसे पूर्ण मोजलेले, आणि वीस वॅट हवेत गेले. इंटेलच्या आय-सेव्हन १२७०० एच या प्रोसेसरचं उदाहरण घ्या. त्याची मूळ क्षमता ४५ वॅट आणि टर्बोत, म्हणजे थोडा वेळ जोरात पळताना, कमाल ११५ वॅट. जाहिरातीतला वेग या ११५ च्या बळावर असतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात तो काही सेकंद दिसतो आणि संपतो.

अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा. आमच्याकडे मार्च संपता संपता ही मर्यादा ओलांडलेली असते. एसीच्या बाबतीत आपल्या देशाने हा प्रश्न नीट सोडवला. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे ज्या मोजमापावर दिले जातात, त्यात २४ ते ४३ अंशांपर्यंतचं भारतीय हवामान धरलेलं आहे. लाखभर रुपयांच्या लॅपटॉपला हाच न्याय का नको?

आता दुरुस्तीकडे वळते. तापणारा लॅपटॉप आला की मी लगेच व्होल्टेजला हात लावत नाही. आधी अ‍ॅडाप्टर पाहते. २३० वॅटचा मूळ अ‍ॅडाप्टर बिघडला म्हणून कुणी १२० वॅटचा स्वस्त आणतं आणि मग लॅपटॉप थंडगार असूनही ०.८ गिगाहर्ट्झवर रांगत राहतो. पुरेशी वीज मिळत नाही हे ओळखून मदरबोर्डच प्रोसेसरला हळू चालायचा इशारा देत असतो. तिथे प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून काही होत नाही, अ‍ॅडाप्टरच बदलावा लागतो.

मग खालचं झाकण काढते. बाहेरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो. पंख्याचे स्क्रू काढून तो बाजूला केला की त्याच्या आणि तांब्याच्या फिनच्या मधे धुळीचा राखाडी थर सापडतो. तो चिमट्याने धरला तर नमद्याच्या पट्टीसारखा अख्खा निघतो. आमच्या घरांत उन्हाळाभर कूलर चालतो. त्याच्या ओलसर हवेत धूळ फिनला चिकटते आणि तिथेच वाळते, असं मी दरवर्षी पाहते. बाहेरून ब्लोअर मारला तर हा थर आणखी आत दाबला जातो. घरी साफ करणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोतात ती मोकाट फिरवू नका, बेअरिंग जातं. त्यानंतर थर्मल पेस्ट. सततच्या तापण्या-निवण्याने ती चिपच्या मधोमधून कडेला सरकते आणि मधला भाग कोरडा पडतो. त्यामुळे अलीकडे मी पेस्टऐवजी गरम झाल्यावर वितळून बसणारा फेज चेंज पॅड लावते. तो जागचा हलत नाही.

एवढ्यावर बरेच लॅपटॉप ठीक होतात. तरीही जे १०० ला टेकतात, त्यांच्यासाठी उरतो व्होल्टेजचा उपाय, आणि माझं भांडण तिथेच आहे.

कारखान्यातून एकाच मॉडेलच्या लाखो चिप निघतात आणि प्रत्येकीची गरज थोडी वेगळी असते. सगळ्यात नाजूक चिपलाही, सगळ्यात अवघड कामातही, कित्येक वर्षांनीसुद्धा पुरलं पाहिजे, म्हणून कंपनी व्होल्टेज थोडं जास्तच ठेवते. त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे बहुतेक चिपना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळतं. आणि वेग तोच ठेवला तर कामाच्या वेळची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.२० व्होल्टऐवजी १.१२ व्होल्ट दिलं तर ही वीज सुमारे १३ टक्क्यांनी कमी लागते. एक रुपयाही खर्च न करता, वेग तसाच ठेवून, उष्णता घटवणारा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही.

इथे एक सांगून ठेवते. हलक्या कामात प्रोसेसर १.३ किंवा १.४ व्होल्ट दाखवतो म्हणून मुलं घाबरून स्क्रीनचे फोटो घेऊन येतात. एकदोन कोअर क्षणभर जोरात पळतात तेव्हा व्होल्टेज जास्त असतं, करंट मात्र थोडाच असतो. त्याने काही बिघडत नाही. शिवाय स्क्रीनवर व्हीआयडी म्हणून दिसणारा आकडा प्रोसेसरने मागितलेल्या व्होल्टेजचा असतो, प्रत्यक्ष मिळालेल्याचा नव्हे. बघायचं ते सगळे कोअर कामाला लागल्यावर काय होतं ते.

मागच्या उन्हाळ्यात एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी होते. दोन्हींत नवव्या पिढीचा आय-सेव्हन. दोन्ही साफ केले, दोन्हींना सारखाच पॅड लावला. एकाचं बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) आधीचंच होतं. थ्रॉटलस्टॉप या व्होल्टेज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दहा-दहा मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी खाली उतरत गेले आणि ८० मिलिव्होल्ट कमी करून तो रात्रभराच्या रेंडरला न अडखळता टिकला. दुसऱ्याचं बायोस सेवा केंद्रात अद्ययावत करून दिलेलं. त्यात स्लायडर सरकतो, पण शेजारच्या तक्त्यात ऑफसेट, म्हणजे प्रत्यक्ष कमी झालेलं व्होल्टेज, शून्यावरून हलत नाही. कुलूप! त्या मुलाला मी काय सांगायचं? कंपनीच्या सेवा केंद्रात जाऊन आलास, म्हणून तुझा लॅपटॉप आता जास्त तापणार?

कुलपाचं कारणही सांगितलं पाहिजे, कारण ते खोटं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूवेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला जगापुढे मांडला. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज नेमक्या क्षणी खाली आणलं की इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चुका घडवता येतात आणि त्यातून गुपितं काढता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. इंटेलने उपाय दिला, लॅपटॉप कंपन्यांनी तो बायोसमधून पोचवला आणि व्होल्टेजची वाट बंद झाली. कप्पा राखायला तेव्हा ते आवश्यक होतं. पण हा हल्ला करायला लॅपटॉपवर आधीच पूर्ण ताबा लागतो आणि घरी रेंडर करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या कप्प्याची गरज क्वचितच पडते. पुढे अकराव्या-बाराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरमधून एसजीएक्स काढूनच टाकलं. कप्पा गेला, कुलूप मात्र कितीतरी मॉडेलांवर तसंच राहिलं. हे मला मान्य नाही.

"व्होल्टेज कंपनीने विचार करूनच ठरवलेलं असतं, ग्राहकाने त्यात हात घालू नये," असं मला एका विक्रेत्याने ऐकवलं. त्यांना मी २०२४ ची आठवण करून देते. इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बंद पडू लागले. प्रोसेसरमधल्या सूचनांचा संच, म्हणजे मायक्रोकोड, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, हे कंपनीने स्वतः मान्य केलं, ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. लॅपटॉपचे प्रोसेसर त्या दोषातून बाहेर होते, असं कंपनीने सांगितलं. तरी कारखान्याचा आकडा म्हणजे अंतिम शब्द, हे त्यानंतर कुणी म्हणू नये.

धोका नाही का? आहे, पण त्याचं माप नीट घेऊ या. व्होल्टेज वाढवलं तर चिप खराब होऊ शकते. गरजेपेक्षा कमी केलं तर निळा पडदा येतो, लॅपटॉप पुन्हा सुरू होतो, जतन न केलेलं काम जातं, कधी फाइल बिघडते. म्हणून बदल करण्याआधी बॅकअप घ्यायचा, छोट्या पायऱ्यांनी उतरायचं आणि तासन्‌तास चाचणी झाल्याशिवाय ते सेटिंग लॅपटॉपसोबत आपोआप सुरू होऊ द्यायचं नाही. कंपन्यांकडे माझी मागणीही तेवढीच आहे. वाढवण्याची वाट बंदच ठेवा, कमी करण्याची वाट एका मर्यादेपर्यंत बायोसमध्येच द्या आणि शेजारी मूळ सेटिंगवर परतण्याचं बटण ठेवा. बायोसमधून दिली तर चालू असलेल्या विंडोजमधून कुणी चोरून व्होल्टेज बदलण्याचाही प्रश्न येत नाही. काही कंपन्यांनी काही महाग मॉडेलांत ही सोय दिलेलीही आहे. म्हणजे तांत्रिक अडचण नाही, इच्छा हवी.

ज्यांच्या लॅपटॉपला आज कुलूप आहे त्यांनी गेमचा फ्रेम रेट ६० वर बांधून घ्यावा, मागची बाजू उचलून खालून हवा मिळू द्यावी आणि उन्हाळ्यापुरतं विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करावी. तेवढ्याने बहुतेक इंटेल लॅपटॉपमध्ये टर्बो बंद होतो. वेग जातो, पण तापमान लगेच खाली येतं.

आणि जूनमध्ये कॉलेज सुरू होण्याआधी मुलांसाठी लॅपटॉप घ्यायला निघालेल्या आईवडिलांना माझी विनंती आहे. दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. यात व्होल्टेज कमी करता येतं का, आणि ४० अंशांच्या खोलीत हा सलग किती वॅटवर चालतो. दुकानदाराला सांगता आलं नाही तर कंपनीला ईमेल करा आणि लेखी उत्तर हातात आल्यावरच पैसे द्या.